नुकत्याच आलेल्या रेड वाईनवर वाद घालायचा तर कशावर?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सात-आठ मित्रमैत्रिणी दर महिन्याला एकत्र बसून वाईन चाखतात. या वेळी त्यांनी नाशिकची, याच हंगामातली, ओक लाकडाच्या बॅरलमध्ये न ठेवलेली शिराझ (याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाईन) आणली, तीन बाटल्या. एकाला ती हिरवट आणि तुरट लागली. दुसरा म्हणाला, हाच तर नव्या वाईनचा ताजेपणा. एका मैत्रिणीला मिरीचा वास आला, तो शेजारी बसलेल्याला काही केल्या येईना. शेवटी 'दोन वर्षं ठेवा, सुधारेल' यावर गाडी अडली. बरोबर कोण, आणि उरलेल्या दोन बाटल्यांचं काय करायचं?

तुमच्या वादात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: वाईनमध्ये दोष आहे का, ती कशासाठी बनवली आहे, आणि पुढे तिचं काय होणार. 'चांगली की वाईट' असा एकच सवाल टाकला की प्रत्येक जण यातल्या वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि आपण एकाच गोष्टीवर भांडतोय असं सगळ्यांना वाटत राहतं. मी अनेक वर्षं वायनरीत आणि चाखणीच्या टेबलावर काम करतो आहे, आणि नव्या रेडबद्दल माझं मत ठाम आहे: ती मऊ नाही म्हणून तिला नावं ठेवू नयेत, पण ती कच्च्या द्राक्षांची असेल तर 'अजून लहान आहे' म्हणून तिला सांभाळूनही घेऊ नये. या दोन गोष्टी जिभेवर ओळखता येतात.

आधी तुरटपणा आणि आंबटपणा वेगळे करा. अनुभवी मंडळीही इथे गोंधळतात. एक घोट तोंडात फिरवा, गिळा किंवा थुंका, आणि दहा सेकंद गप्प बसा. जबड्याच्या दोन्ही बाजूंनी लाळ सुटली तर ते आम्ल. जीभ टाळूला चिकटल्यासारखी झाली, हिरड्या कोरड्या पडल्या तर ते टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली, बिया आणि देठांतलं तुरट द्रव्य. फार उकळलेला बिनदुधाचा चहा प्यायल्यावर होतं तेच, कारण लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटतात आणि तोंडातला ओशटपणा निघून जातो. नव्या रेडमध्ये दोन्ही असणारच. पाहायचं ते हे की कोरडेपणा कुठे आणि कसा आहे. हिरड्यांवर, ओठांच्या आत बारीक पिठासारखा जाणवला आणि त्याच वेळी फळाची चव टिकून राहिली, तर टॅनिन पिकलेल्या सालींचं आहे. जिभेच्या मागच्या बाजूला कडू, खरखरीत ओरखडा उठला आणि फळ मध्येच गायब झालं, तर ते कच्च्या बियांचं किंवा हिरव्या देठांचं.

हे आपल्याकडे का घडतं ते बागेत गेल्याशिवाय नीट कळत नाही. युरोपात द्राक्षं पिकतात ती थंडीकडे जाताना. सप्टेंबर-ऑक्टोबरात दिवस लहान होत जातात आणि पिकणं सावकाश होतं. नाशिकला उलट. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते, घड जानेवारीच्या थंडीत भरतात, आणि शिराझ-कॅबर्नेसारखी काळी द्राक्षं तोडायला येतात तोवर फेब्रुवारी-मार्च उजाडतो. म्हणजे आपली द्राक्षं उन्हाळ्याकडे जाताना पिकतात. ऊन वाढलं की साखर झपाट्याने चढते आणि मॅलिक आम्ल जळून जातं, पण बी मात्र आपल्या गतीनेच पिकते. रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर सांगतो साखर झाली, तोडणी करा. मणी फोडून पाहिला तर बी अजून हिरवी असते.

दिंडोरीच्या बाजूला तोडणीच्या आधी मी ओळीतून चालत मणी तोंडात टाकतो तेव्हा गर गिळून टाकतो आणि बी दातांखाली घेतो. पिकलेली बी तपकिरी असते, कटकन मोडते आणि भाजलेल्या सुक्यामेव्यासारखी लागते. कच्ची बी लवचीक, दातांना चिकटणारी, आणि तिचा कडवटपणा पाणी प्यायल्यावरही जात नाही. त्याच घडाच्या उन्हाकडच्या आणि सावलीकडच्या मण्यांत हा फरक सापडतो. आंबलेल्या रसात या बिया आठ-दहा दिवस बुडून राहिल्या की तो कडवटपणा वाईनमध्ये उतरतो. असा कडवटपणा बाटलीत वर्षानुवर्षं ठेवून मधुर होत नाही. फळ विरत जातं आणि कडवटपणा उरतो. तुमच्या 'हिरवट' म्हणणाऱ्या मित्राला जर हे जाणवलं असेल, तर त्याचं म्हणणं खरं आहे आणि 'ठेवा' हा सल्ला चुकीचा.

पण 'हिरवट' हा शब्द लोक आणखी एका गोष्टीसाठी वापरतात. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि तिच्या घराण्यातल्या वाणांमध्ये पायराझिन नावाची द्रव्यं असतात, त्यांचा वास हिरव्या ढोबळी मिरचीसारखा येतो. थोडा असेल तर तो वाणाचा स्वभाव आहे. शिराझमध्ये मात्र त्याची अपेक्षा नसते, तिथे ढोबळी मिरची आली तर मी भुवया उंचावतो. बाटलीवर काय लिहिलंय ते बघून मगच या वासाला दोष म्हणायचं की नाही ते ठरवा.

आता मिरीचा वास. तुमच्या मैत्रिणीवर विश्वास ठेवा, आणि शेजाऱ्यावरही. शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, आणि तेच द्रव्य स्वयंपाकघरातल्या काळ्या मिरीतही असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली हे शोधून काढलं, तेव्हा त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एका माणसाला तो वास भरपूर मात्रेतसुद्धा आलाच नाही. तुम्ही आठ जण बसत असाल तर टेबलावर असा एखादा माणूस असण्याची शक्यता बरीच आहे. त्याचं नाक खराब नाही, ते दार त्याच्यासाठी बंद आहे एवढंच. यावर कितीही वाद घातला तरी तो सुटणार नाही, म्हणून तो घालूच नये. 'मला येतो', 'मला येत नाही' एवढं लिहून पुढे जावं.

रंगावरूनही वाद होतात. गडद जांभळी म्हणजे दमदार, फिकी म्हणजे पातळ, असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस फिकटच असतो, रंग सालीतून येतो. आपल्या पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने रसासाठी काढलेल्या मांजरी मेडिका या वाणात मात्र गरसुद्धा रंगीत आहे, त्याचा रस पाहताक्षणी डोळ्यांत भरतो. यावरून लक्षात येईल की रंग वाण सांगतो, साल किती वेळ रसात राहिली ते सांगतो. चव सांगत नाही. उलट रंगामुळे नाक फसतं. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाईन आणि तीच वाईन बिनवासाचा लाल रंग घालून दिली, तर लाल ग्लासाचं वर्णन त्यांनी रेड वाईनच्या शब्दांत केलं. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मी प्रत्येक नव्या गटाला सांगतो. रंगाचा एकच उपयोग करा: ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेला पाहा. नव्या रेडची कड जांभळट-गुलाबी हवी. याच हंगामातल्या वाईनची कड विटकरी दिसली तर बाटली कुठेतरी तापली आहे किंवा वाईनमध्ये हवा शिरली आहे.

दोष कोणते ते पटकन सांगतो. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास ठळक असेल तर दोष. किंचित चुरचुर हा दोष नाही, टाकीतला थोडा कार्बन डायऑक्साइड राहून गेलेला असतो, ग्लास फिरवला की उडतो. पण चुरचुरीबरोबर गढूळपणा आणि आंबूस वास असेल तर बाटलीतच पुन्हा आंबवण सुरू झालं आहे, ती परत करा. स्क्रू कॅपच्या नव्या रेडमध्ये काडेपेटीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास बऱ्याचदा येतो, कारण वाईनला हवाच मिळालेली नसते. ती एका जगमधून दुसऱ्या जगमध्ये चार-पाच वेळा ओता. तरीही वास गेला नाही तर थोडीशी वेगळ्या ग्लासात घेऊन त्यात तांब्याचं घासून लख्ख केलेलं नाणं दोन मिनिटं बुडवा आणि नुसता वास घ्या. तो ग्लास प्यायचा नाही. वास गेला तर गंधकाचाच त्रास होता, वाईन मुळात ठीक आहे.

दुसरा प्रश्न, ही वाईन कशासाठी बनवली? तुमचे दोन मित्र खरं तर इथे भिडले आहेत. नवी म्हणूनच प्यायची अशी रेड जगात मुद्दाम बनवतात. सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे फ्रान्सची बोजोले नूव्हो. गामे वाणाची द्राक्षं सप्टेंबरच्या सुमारास तोडायची आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाटली बाजारात. हा गुरुवार १९८५ पासून ठरला. एवढ्या थोड्या दिवसांत पिण्याजोगी रेड कशी होते? अख्खे घड न चिरडता कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या बंद टाकीत ठेवतात. मण्याच्या आतच आंबवण सुरू होतं, थोडं अल्कोहोल मण्यातच तयार होतं आणि मग मणी फुटतो. बिया कमी भिजतात म्हणून टॅनिन कमी, फळाचा वास मात्र भरपूर. तिच्यात येणारा केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, पिकलेल्या केळ्यात असतो तोच. अशा वाईनला 'खोली नाही' म्हणणं अन्यायाचं आहे, ती खोलीसाठी बनवलेलीच नाही. आणि त्याच गामेपासून, त्याच प्रदेशातल्या मोर्गों किंवा मूलँ-आ-व्हाँ या भागांत अशी वाईन होते की ती दहा वर्षं ठेवावी. वाण एकच, हेतू निराळा.

तुमची शिराझ टाकीतली आहे, बॅरलमधली नाही. बनवणाऱ्याने ओकचा खर्च टाळला म्हणून ती स्वस्तातली, असं समजू नका. ओकमधून व्हॅनिला, टोस्ट येतो आणि लाकडातून झिरपणाऱ्या हवेने टॅनिन मऊ होतं, पण त्याच ओकखाली पुष्कळ उणिवाही झाकल्या जातात. बिनओकची नवी शिराझ उघडी असते. बाग कशी होती, तोडणी वेळेवर झाली का, आंबवण स्वच्छ झालं का, सगळं दिसतं. तिच्यात मला करवंद, जांभूळ, महाबळेश्वरची तुती यांतलं काहीतरी स्पष्ट हवं. 'लाल फळं' असं मोघम नको. आम्ल असं हवं की दुसरा घोट घ्यावासा वाटावा. टॅनिन जाणवावं, पण घोट संपल्यावर शेवटची आठवण फळाची असावी. एवढं असेल तर माझ्या लेखी ती चांगली वाईन आहे आणि तिला 'रिझर्व्ह'शी, म्हणजे बॅरलमध्ये मुरवलेल्या खास वाईनशी, तोलायची गरज नाही. तुमच्या टेबलावर शेजारी एखादी जुनी रिझर्व्ह उघडलेली असेल तर नवीवर अन्याय झालाच असणार. आधी नवी, मग जुनी, हा क्रम कधी मोडू नका.

पुण्यातल्या घरी आणखी एक गोष्ट निकाल बिघडवते: तापमान. रेड 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हे युरोपातल्या थंड घरांसाठी होतं. आपल्याकडे ऑक्टोबरमध्येही खोली २८-३० अंशांवर असते. एकदा प्रभात रोडवरच्या एका घरी मी एकच शिराझ दोन तऱ्हांनी दिली, एक बाटली दिवाणखान्यातली, दुसरी तासभर फ्रिजमध्ये ठेवलेली, आणि ग्लासांवर फक्त क आणि ख लिहिलं. क बद्दल लोकांनी 'जळजळीत', 'जामसारखी', 'पसरट' असं लिहिलं. ख बद्दल 'करवंद', 'ताजी', 'सुटसुटीत'. दोघीजणींनी तर ख वेगळ्या वाणाची असल्याचं लिहिलं होतं. गरम वाईनमध्ये अल्कोहोल नाकात भरतं आणि फळ दबतं. नवी, बिनओकची रेड १४ ते १६ अंशांना द्या. फ्रिजमध्ये दीड ते दोन तास, किंवा बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा-बारा मिनिटं. त्याहून थंड केलीत तर उलट टॅनिन टोचू लागेल.

सोबत काय खाता तेही महत्त्वाचं. चाखताना बाकरवडी आणि चिवडा टेबलावर नको. गोडामुळे वाईन आंबट लागते, तिखटामुळे टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही भडकतात. साधा पाव आणि पाणी पुरे. चाखणी संपल्यावर मात्र खुशाल जेवा. सुकं मटण नव्या शिराझबरोबर फार छान जातं, कारण मीठ आणि चरबी टॅनिनची धार कमी करतात. फक्त तिखटाचा हात जरा आखडता ठेवा.

वाद नीट व्हायला हवा असेल तर पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने लिहायचं. पहिल्याने 'हिरवट' म्हटलं की बाकीच्यांना हिरवट लागायला लागते, मग ते मत त्यांचं राहत नाही. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा. आणि कुणी 'मला या दोन वाईन सहज ओळखता येतात' म्हणालं तर त्रिकोणी चाचणी घ्या: तीन ग्लास, दोघांत एक वाईन, तिसऱ्यात दुसरी, वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनातला एक माणूस बरोबर येतो. म्हणून आठ जणांपैकी दोघे-तिघे बरोबर आले तर काहीच सिद्ध होत नाही. सहा जण बरोबर आले तर फरक खरोखर आहे असं समजून पुढचा वाद घाला.

आता 'ठेवा, सुधारेल' बद्दल. नव्या वाईनचं भविष्य सांगणं मोठमोठ्यांना जमलेलं नाही. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाईन व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे बोर्दोच्या नामांकित रेड आणि कॅलिफोर्नियाच्या रेड झाकून ठेवल्या. पहिली आली कॅलिफोर्नियातल्या स्टॅग्ज लीप वायनरीची १९७३ ची कॅबर्ने, अवघ्या तीन वर्षांची. त्यावर आक्षेप आला की कॅलिफोर्नियाच्या वाईन लवकर खुलतात आणि लवकरच ढेपाळतील, बोर्दोच्या वाईन खऱ्या अर्थाने खुलायला वेळ लागतो. २००६ मध्ये त्याच वाईन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या निघाल्या, आणि पहिली आली रिज वायनरीची १९७१ ची माँटे बेलो, जी १९७६ मध्ये पाचवी होती. तरुणपणी आवडली म्हणजे टिकणार नाही, आणि तरुणपणी रागीट म्हणजे टिकेल, हे दोन्ही समज त्या दिवशी खोटे पडले.

पण त्या बाटल्या थंड तळघरांत होत्या. तुमच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये किती तापतं याचा विचार करा. ३० अंशांच्या वर महिना-दोन महिने राहिलेली वाईन मुरत नाही, शिजते. फळ जातं आणि शिजवलेल्या मनुकांचा वास उरतो. वाईनचं छोटं कपाट १४-१५ अंशांवर चालू असेल तरच ठेवण्याची भाषा करा. फ्रिजमध्ये काही महिने चालेल, वर्षं नाहीत.

ठेवण्यासारखी आहे का याचा एक घरगुती अंदाज घेता येतो. दुसरी बाटली उघडा, निम्मी प्या, उरलेली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या संध्याकाळी त्याच ग्लासात, त्याच तापमानाला चाखा. फळ शाबूत आणि टॅनिन मऊ झालेलं असेल तर वाईनमध्ये दम आहे. दुसऱ्याच दिवशी कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला आणि चव मधेच तुटली, तर ती या वर्षातच संपवायची आहे. दोन दिवसांची हवा म्हणजे दोन वर्षं नव्हेत, हे खरं. पण हवेपुढे वाईन किती तग धरते ते कळतं, आणि टिकाऊपणाचा मोठा भाग तोच आहे.

बिनओकच्या शिराझबद्दल माझा स्वतःचा कल सांगायचा तर ती दीड-दोन वर्षांच्या आत प्यावी, आणि तुमच्या दोन बाटल्यांतली एक पुढच्याच बैठकीत, थंड करून, गुंडाळून, त्याच आठ जणांना न सांगता द्या. मागच्या वेळी हिरवट म्हणणाऱ्याने पुन्हा तेच लिहिलं, आणि ओरखडा जिभेच्या मागेच असल्याचं सांगितलं, तर तो बरोबर आहे; शेवटची बाटली मटणाच्या रश्श्यात घाला. त्याने 'करवंद' लिहिलं तर पहिल्या दिवशी वाईन गरम होती. मग शेवटची बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि होळीच्या आधी उघडा.